जुनी स्पोर्ट्स कार घेण्याआधी हिस्टरी कशी तपासायची? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

जुन्या गाड्या घेण्याआधी तपासून देणं हे माझं नागपुरातलं काम. रात्री साडेदहाला फोन वाजतो, एखाद्या लाल नाहीतर पिवळ्या गाडीचे आठ फोटो येतात आणि खाली एक ओळ असते: "दादा, उद्या टोकन देऊन टाकू का?" तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एका जागी लिहून ठेवली. अशी गाडी घेणाऱ्याने बहुतेक वेळा दहा-दहा वर्षं पैसे साठवलेले असतात. एका संध्याकाळच्या घाईत ते जाऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

१. साधी सेकंडहँड गाडी घेताना जे पाहतो तेच पाहायचं ना? स्पोर्ट्स कारला वेगळं काय?

पद्धत तीच, पण चूक महागात पडते. स्विफ्टचा गिअरबॉक्स गेला तर कुठल्याही बाजारात मिळतो. पोलो जीटीआय, ऑक्टाव्हिया आरएस, मस्टँग किंवा बॉक्सस्टर यांचे सुटे भाग मागवावे लागतात आणि गाडी महिना महिना उभी राहते. दुसरं कारण म्हणजे या गाड्या हात फार बदलतात. हौस फिटली की दोन वर्षांत विकली, असं करत करत गाडी चौथ्या मालकाकडे, तिसऱ्या राज्यात पोचते. प्रत्येक वळणावर एखादा कागद गळतो. तिसरं, या जोरात चालवायलाच घेतलेल्या असतात. त्यात गैर काही नाही. फक्त कशी चालवली आणि नंतर कशी सांभाळली, हे कळलं पाहिजे.

२. विकणाऱ्याकडून सगळ्यात आधी काय मागू?

चासी नंबर. गाडीचा नंबर नंतर. राज्य बदललं की नंबर प्लेट बदलते, मालकाने व्हीआयपी नंबर स्वतःकडे ठेवून घेतला तरी बदलते. चासी नंबर मात्र कारखान्यातून निघाल्यापासून भंगारात जाईपर्यंत एकच. सर्व्हिस, वॉरंटी, रिकॉल यांच्या नोंदी त्याच नंबराखाली सापडतात.

त्यासोबत आरसीच्या दोन्ही बाजूंचे फोटो, चालू पॉलिसी आणि आधीच्या किमान दोन वर्षांच्या पॉलिस्या, सर्व्हिसची बिलं, आणि दोन्ही किल्ल्या एका फोटोत. किल्ली एकच असेल तर दुसरी कुठे गेली ते विचारा. "गाडी बघायला या, मग देतो" म्हणणारे पुष्कळ असतात. बघायला जरूर जा, पण कागद हातात आल्याशिवाय पैशाचा विषय काढू नका. टोकनबद्दल प्रश्न १८ पाहा.

३. एमपरिवाहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकला, सगळं बरोबर दाखवून राहिलं. तेवढं पुरे नाही का?

सुरुवात म्हणून उत्तम. नोंदणीची तारीख, इंधन, आरसीची मुदत, इन्शुरन्स, पीयूसी आणि कर्जाचा बोजा, एवढं तिथे दिसतं. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं असलं तरी अक्षरं जुळतात का ते कळतं. किती नंबरचा मालक आहे तेही आरसीशी ताडून घ्या.

पण अपघात, पूर, मीटर, इंजिन बदललंय का, सर्व्हिस कुठे झाली, यातलं काही तिथे नसतं. सरकारी नोंद म्हणजे गाडीची जन्मकुंडली. तिचा दवाखान्याचा केसपेपर वेगळा काढावा लागतो. शिवाय गाडी आधी दुसऱ्या राज्यात असेल तर जुन्या नंबरावरची चलानं आणि पॉलिस्या नव्या नंबरावर शोधून सापडत नाहीत. जुना नंबर आधीच्या आरटीओच्या एनओसीच्या (ना-हरकत) कागदावर असतो, तो मागून घ्या.

चोरीच्या गाडीची शंका असेल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या डिजिटल पोलीस पोर्टलवर गाडीचा, चासीचा आणि इंजिनाचा नंबर चोरीच्या नोंदींशी पडताळून एनओसी काढता येते. घरबसल्या होणारं काम आहे. मी प्रत्येक गाडीला करतो.

४. चासी नंबर गाडीवर कुठे असतो? आणि तो पाहून मला काय कळणार?

साधारण तीन जागी: समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आणि पत्र्यात ठोकलेला. तिन्ही आरसीशी अक्षर-अक्षर जुळले पाहिजेत. पत्र्यातल्या अंकांवर बोट फिरवा. आजूबाजूचा रंग जाड लागला, घासल्याच्या खुणा दिसल्या, एखादा अंक वाकडा वाटला तर थांबा. आरटीओत पेन्सिलने छाप घेतात तशी तुम्हीही कागद ठेवून घेऊ शकता. डोळ्याला न दिसणारा खोडलेला अंक छापेत उमटतो.

नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजीतले आय, ओ, क्यू कधीच नसतात. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची. पोर्शेच्या स्पोर्ट्स कारची सुरुवात डब्ल्यू-पी-शून्य अशी, फेरारीची झेड-एफ-एफ, लँबॉर्गिनीची झेड-एच-डब्ल्यू, बीएमडब्ल्यूच्या खऱ्या एम गाडीची डब्ल्यू-बी-एस. आपल्याकडे जोडणी होऊन भारतीय क्रमांक मिळालेल्या गाडीचा नंबर एम अक्षरापासून सुरू होतो.

५. ऑक्टाव्हिया आरएस (जोरदार इंजिनाची आवृत्ती) म्हणून विकून राहिले, बॅज पण आहे. खरी आरएस कशी ओळखायची?

आरसीवरची सीसी वाचा. २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस २३० आणि २०२० ची आरएस २४५ या दोन्ही १९८४ सीसीच्या. त्याच पिढीची साधी १.८ टीएसआय १७९८ सीसीची. बंपर, बॅज, चाकं, स्टिअरिंग, सगळं बाहेरून बसवून मिळतं. आरसीवरचा आकडा तसा बदलत नाही.

मनीषनगरच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी अशी एक ऑक्टाव्हिया पाहिली. घेणारा मुलगा वर्ध्याहून वडिलांना घेऊन आला होता. गाडी खरोखर सुंदर ठेवलेली, मागे आरएसचं चिन्ह, आत लाल शिलाईच्या सीटा. मालकाने आरसी काढून दिली, मी बोट ठेवलं: १७९८. मालकाने ते कार्ड माझ्या हातून घेतलं, दोनदा वाचलं आणि तिथेच कठड्यावर बसला. त्यालाही ती दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात आरएस म्हणूनच विकली होती, आरएसच्याच भावात. त्या माणसाचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, म्हणून हा प्रश्न इतक्या वर ठेवला.

पोलो जीटीआय तर आणखी सोपी. भारतात ती तीन दारांचीच आली, १७९८ सीसीची. पाच दारांच्या पोलोवर जीटीआय लिहिलेलं दिसलं तर ते फक्त लिहिलेलं आहे.

६. सर्व्हिस सेंटरवाले हिस्टरी देत नाहीत. "तुम्ही मालक नाही" म्हणतात.

बरोबरच म्हणतात. मालकाला सोबत न्या, किंवा त्याच्या नोंदवलेल्या मोबाइलवरून नाहीतर ईमेलवरून मागणी करायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे, त्याला खळखळ करणारा मालक काहीतरी सांगायचं टाळतो आहे असं मी धरतो.

ज्या ब्रँडचं वर्कशॉप नागपुरात नाही, त्या गाड्या मुंबई, पुणे किंवा हैदराबादला जातात. मधली कामं इथल्या एखाद्या चांगल्या मिस्त्रीकडे होतात. ती नोंद कंपनीकडे नसते, पण मिस्त्रीच्या वहीत आणि त्याच्या फोनमधल्या फोटोंत असते. मालकाला मिस्त्रीचं नाव विचारा आणि स्वतः भेटा. वाडीच्या किंवा कॉटन मार्केटच्या बाजूचा जुना कारागीर गाडीबद्दल जे सांगतो, ते कुठल्याही छापील रिपोर्टात मिळत नाही. चांगल्या गाडीबद्दल बोलताना त्याचा चेहरा खुलतो. वाईट गाडीबद्दल विचारलं की तो हातातलं काम पुन्हा सुरू करतो.

बिलांवर तारीख, किलोमीटर आणि चासी नंबर या तीन गोष्टी पाहा. बारा महिन्यांपेक्षा मोठी पोकळी दिसली तर त्या काळात गाडी कुठे होती ते विचारा.

७. मीटर मागे फिरवलंय का, हे कसं कळणार? गाडी तर २२ हजारच चाललेली दिसते.

एकट्या कुठल्या खुणेवर विसंबू नका. चार-पाच खुणा एकत्र ठेवा.

आधी हाताला लागणाऱ्या गोष्टी. ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड (चढता-उतरताना घासते ती), ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगचं कातडं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. २०१९ च्या गाडीला मीटरवर २२ हजार आणि टायर २०२३ चे असतील तर मूळचे टायर कुठे गेले? जोरात चालवलेल्या गाडीचे मागचे टायर १५-२० हजारांतही संपतात, त्यामुळे हा पुरावा पक्का नाही, पण विचारायला जागा आहे. ब्रेक डिस्कच्या कडेला झिजून उभी राहिलेली धार नखाला लागते, तीही पाहा.

मग स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्यातल्या नोंदी वाचणारं यंत्र. समोरचं मीटर फिरवणारे बऱ्याचदा बाकीची मोड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) विसरतात. गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये किंवा इतर मोड्यूलमध्ये किलोमीटरची वेगळी नोंद राहून जाते. बीएमडब्ल्यूच्या किल्लीतही किलोमीटर साठलेले असतात.

सगळ्यात बोलका आकडा म्हणजे इंजिनाचे तास, ज्या गाडीत तो निघतो तिथे. किलोमीटरला तासांनी भागा. शहर आणि हायवे मिळून सरासरी ताशी ३० ते ५० च्या आसपास येते. मीटरवर २२,००० आणि इंजिन १,९०० तास चाललेलं असेल तर सरासरी ताशी १२ सुद्धा होत नाही. बर्डीच्या दिवाळीच्या गर्दीत रोज अडकलेली गाडीही एवढी हळू चालत नाही.

पोर्शेमध्ये याच तपासणीत ओव्हर-रेव्हची नोंद निघते. इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा आणि इंजिनाच्या कितव्या तासाला गेलं हे रेंज १ ते ६ अशा पायऱ्यांत दिसतं. खालच्या पायऱ्या जोरात चालवणाऱ्याच्या गाडीत असतातच. वरच्या पायऱ्यांतली नोंद बहुतेक वेळा मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये चुकून खालचा गिअर पडल्याची असते. ती अलीकडच्या तासांतली असेल तर इंजिनाची वेगळी तपासणी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

८. ठोकलेली गाडी ओळखायला पेंट मीटर पुरे का?

उपयोगी आहे, पण अर्धवट माहितीने वापरलं तर चांगली गाडी हातची जाते आणि वाईट गळ्यात पडते. कारखान्यातला रंग साधारण ८० ते १८० मायक्रॉन. तीनशेच्या वर गेला की पुन्हा रंगवलेलं. आठशे-हजार म्हणजे खाली पुट्टी.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. गाडीवर पीपीएफ (रंग जपणारी पारदर्शक फिल्म) असेल तर दीडशे-दोनशे मायक्रॉन त्याचेच वाढतात. कडेला नखाने फिल्म लागते का पाहा. आणि स्पोर्ट्स कारमध्ये बोनेट, दारं किंवा छप्पर अ‍ॅल्युमिनियमचं, कधी कार्बनचं असतं. स्वस्तातलं चुंबकावर चालणारं मीटर अ‍ॅल्युमिनियमवर काहीच दाखवत नाही. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही ओळखणारं मीटर लागतं, आणि कार्बनवर तेही चालत नाही. तिथे नजर आणि अनुभव.

एका बंपरचा किंवा दाराचा रंग मला घाबरवत नाही. शहरात चालणाऱ्या गाडीला ओरखडा यायचाच. मी पाहतो तो सांगाडा: बोनेट उघडून दोन्ही बाजूंचे अ‍ॅप्रन (चाकांवरचे आतले पत्रे), हेडलाइटमागचा आडवा पत्रा, डिकीतली गालिच्याखालची जमीन. कारखान्याचं सीलंट एकसारख्या धारेत असतं, हाताने लावलेलं लगेच ओळखू येतं. बोल्टच्या डोक्यावरचा रंग पान्याने उडालाय का? सगळ्या काचांवरचं वर्ष जुळतं का? सीट बेल्ट तळापर्यंत खेचून त्याच्या लेबलवरची तारीख वाचा. गाडी २०१८ ची आणि पुढचे दोन्ही बेल्ट २०२१ चे, तर एअरबॅग उघडल्या होत्या का ते विचारायलाच हवं. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, तर दिवाच काढून टाकलेला असू शकतो.

९. २०२३ च्या पुरात बुडालेली गाडी असेल तर?

नागपूरकरांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. २२-२३ सप्टेंबर २०२३ च्या रात्री चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, बर्डी, सगळीकडे तळमजल्याच्या आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या. स्पोर्ट्स कार जमिनीला टेकलेली. साध्या गाडीच्या चाकापर्यंत येणारं पाणी तिच्या सीटपर्यंत येतं.

अशा गाड्या धुऊन, वाळवून, अत्तर मारून विकल्या गेल्या. काही इथे, काही दुसऱ्या राज्यात जाऊन नवा नंबर घेऊन परत आल्या.

मी एका कूपेचा ड्रायव्हरच्या बाजूचा बेल्ट सावकाश बाहेर ओढला. वरचा दीड हात स्वच्छ काळा. मग एका आडव्या रेषेनंतर तोच बेल्ट खरखरीत, पिवळट, बोटाला बारीक गाळ लागणारा. गाडी आतून नव्यासारखी होती, गालिचे नवे, वास लिंबाचा. गुंडाळलेल्या बेल्टपर्यंत मात्र कोणाचा हात पोचला नव्हता.

बेल्टनंतर सीटच्या खालचे रूळ आणि बोल्ट पाहा. गंज असेल तर पाणी तिथवर आलं होतं. सीटखाली एअरबॅगचे कनेक्टर असतात, काही गाड्यांत कंट्रोल मोड्यूलही तिथेच. कनेक्टर काढून पितळेवर हिरवट डाग आहे का पाहायला लावा. डिकीत स्टेपनीची खाच, हेडलाइटच्या आत सुकलेल्या पाण्याची रेष, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यातला गाळ. पुरातली गाडी लगेच बंद पडत नाही. वायरिंग आठ-दहा महिन्यांनी, पुढच्या पावसाळ्यात त्रास द्यायला लागतं, आणि तोवर विकणारा फोन उचलायचं बंद करतो.

पॉलिसीवरून हे कसं शोधायचं ते पुढच्या प्रश्नात.

१०. इन्शुरन्सच्या कागदातून काय काय निघतं?

पुष्कळ. आधी नो क्लेम बोनस पाहा. क्लेम न घेता वर्षं गेली की तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो. त्याच मालकाकडे पाच वर्षं असलेल्या गाडीच्या २०२३-२४ च्या पॉलिसीत ४५ आणि पुढच्या वर्षी शून्य, म्हणजे मधे क्लेम झाला. कशाचा, ते विचारा आणि सर्व्हेअरचा रिपोर्ट मागा.

पण बोनस मालकाचा असतो, गाडीचा नसतो. ५० टक्के बोनस त्याच्या आधीच्या गाडीवरून आलेला असू शकतो. नुकतीच गाडी घेतलेल्याचा शून्यही निर्दोष असू शकतो. बोनस टिकवणारं अ‍ॅड-ऑन असेल तर क्लेम होऊनही आकडा उतरत नाही. म्हणून मालकाने कंपनीकडून लेखी क्लेम हिस्टरी मागवून देणं सगळ्यात चांगलं.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. असा सांगाडा लिलावात जातो, कोणीतरी उभा करतो आणि आरसी रद्द झालेली नसेल तर गाडी पुन्हा बाजारात येते. पॉलिसीत एखाद्या वर्षाची पोकळी, आणि त्यानंतर नवा मालक, नवी विमा कंपनी, आयडीव्ही एकदम खाली: हे तिन्ही एकत्र दिसलं तर मी त्या गाडीला हात लावत नाही.

घेतल्यावर १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण तुमच्या स्वतःच्या नुकसानीचं आपोआप येत नाही.

११. "लोन संपलं आहे, फक्त आरसीवरून बोजा काढायचा राहिला." विश्वास ठेवू का?

माणसावर ठेवा, व्यवहार कागदावर करा. बँकेची एनओसी आणि बँकेच्या सहीशिक्क्याचे फॉर्म ३५ हातात हवेत. एनओसीला मुदत असते, तीही वाचा. बोजा उतरलेला ऑनलाइन दिसला की मगच पूर्ण रक्कम. लोन अजून चालू असेल तर पैसे मालकाला न देता थेट लोन खात्यात भरा आणि बँकेकडून बंद झाल्याचं पत्र घ्या.

आरसी डुप्लिकेट असेल तर मूळची कशी गेली ते विचारा. हरवल्याची तक्रार खरी असते बरेचदा. पण मूळ आरसी खासगी सावकाराकडे ठेवून डुप्लिकेट काढल्याची प्रकरणंही होतात.

१२. चलानं बाकी आहेत. मालक म्हणतो दरात कमी करतो.

दर कमी करण्यापेक्षा भरूनच घ्या. बाकी चलान ट्रान्सफरला आडवं येऊ शकतं. मला चलानांची यादी दुसऱ्याच कारणासाठी आवडते: गाडी कुठे फिरली आणि कशी, ते तारीखवार कळतं. समृद्धीवर १२० ची मर्यादा असताना वेगाची सात चलानं असतील तर "फक्त रविवारी सकाळी फुटाळ्यापर्यंत नेतो" हे वाक्य तपासून पाहावं लागतं. मालक म्हणतो गाडी गॅरेजमध्ये उभी होती, आणि त्याच महिन्यात पुण्याचं सिग्नल तोडल्याचं चलान, असंही सापडतं.

१३. पाँडिचेरीची किंवा दिल्लीची गाडी चार-पाच लाखांनी स्वस्त मिळून राहिली. घेऊ?

स्वस्ताईचा हिशोब आधी पूर्ण करा. पाँडिचेरीत रोड टॅक्स कमी म्हणून महागड्या गाड्यांची नोंदणी तिथे करण्याची वाट बरेच जणांनी धरली. गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला टॅक्स भरावा लागतो. महागड्या पेट्रोल गाडीला तो लाखांत जातो. कंपनीच्या नावावरची किंवा आयात केलेली असेल तर दर आणखी चढा. टोकन देण्याआधी आरसी आणि मूळ बिलाची प्रत घेऊन आपल्या आरटीओत जा (शहर ३१, पूर्व ४९, ग्रामीण ४०, ज्याच्या हद्दीत तुमचा पत्ता असेल ते) आणि आकडा विचारून घ्या.

मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, नसेल तर व्यवहार नाही. दिल्लीच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट: तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या वयाजवळच्या गाड्या आपल्याकडे स्वस्तात येतात. वय उलटून गेलं असेल तर एनओसी मिळते का आणि इथे नोंदणी होते का, दोन्ही आधी पक्कं करा. बीएच (भारत सिरीज) नंबरच्या गाडीतही टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरलेला असतो, तोही हिशोबात धरा.

१४. बाहेरून इम्पोर्ट केलेली आहे म्हणतात. कोणते कागद पाहू?

कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री आणि ड्युटी भरल्याची पावती, दोन्हींवर तोच चासी नंबर. कंपनीच्या डीलरने आणलेल्या गाडीचं मूळ विक्री बिल असतं, ते पुरतं. खासगीत वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, स्टिअरिंग उजवीकडे असावं आणि मुंबई बंदरातूनच यावी, असा नियम आहे. डावीकडे स्टिअरिंग असलेली अलीकडची गाडी कोणी विकायला काढली तर हात जोडून निघा. कार्नेटवर आलेली गाडी तात्पुरती आलेली असते, तिला परत जावं लागतं. ती विकताच येत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने भूतानमार्गे आलेल्या गाड्यांवर ऑपरेशन नुमखोर नावाने छापे घातले. ज्यांच्या दारातून गाड्या उचलल्या, त्यातल्या कित्येकांनी त्या दुसऱ्या-तिसऱ्या हातून घेतलेल्या होत्या. आरसी खरी दिसत असली तरी मुळातला आयातीचा कागद खोटा असेल तर गाडी जाते.

१५. रिमॅप केलेली (ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेली) गाडी घ्यावी की नाही?

मी सरसकट नाही म्हणत नाही. कोणी केलं, कधी केलं आणि त्यानंतर किती चालली, हे उघड सांगणारा मालक मला आवडतो. धोका लपवलेल्या रिमॅपमध्ये आहे. फोक्सवॅगन-ऑडी-स्कोडाच्या गाड्यांत कंपनीच्या सिस्टीमला बदल सापडला तर टीडी१ असा शेरा पडतो आणि इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी जाते. हिस्टरी काढताना तो शेरा आहे का, हे नावानिशी विचारा. विकण्याआधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी किती वेळा फ्लॅश झालं याची मोजणी काही युनिटमध्ये राहते.

नागपूरसाठी एक जोड. मे महिन्यात ४५ अंशांत इंटेक हवा आधीच तापलेली असते, त्यात वाढवलेला बूस्ट टर्बो आणि कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स या दोघांनाही जड जातो. अशा गाडीची टेस्ट ड्राइव्ह दुपारी तीनला घ्या, पहाटे नको.

मोठे बदल (इंजिन, रंग, आसनं) आरसीत नोंदवलेले हवेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेविरुद्धचे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं आहे.

१६. गाडी कंपनीच्या नावावर आहे, किंवा मालक वारले आहेत. तेव्हा?

कंपनी असेल तर विक्रीचा ठराव, सही करणाऱ्याचा अधिकार, आणि कंपनी कामकाज मंत्रालयाच्या पोर्टलवर गाडीवर चार्ज (कर्जाचा बोजा) आहे का, ते पाहा. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत असेल तर वकिलाशिवाय पुढे जाऊ नका.

मालक वारले असतील तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने गाडी होऊ द्या, मग घ्या. दुःखातल्या घरात हे बोलायला अवघड जातं, पण पुढे दुसरा वारस उभा राहिला तर त्रास त्या घरालाही होतो. लिलावातल्या गाडीला फॉर्म ३२ आणि लिलाव करणाऱ्याचं पत्र लागतं.

१७. डीलर म्हणतो, "फॉर्मवर सह्या घेऊन ठेवल्या आहेत, नावावर केव्हाही करा." चालतं का?

नको. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. त्यात गाडी पुढे दोन-तीनदा विकली गेली होती, तरी. म्हणजे आज विकणारा अडकतो आणि उद्या विकताना तुम्ही. नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर तारीख टाकून, तुमचं नाव लिहूनच सही घ्या. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओची अधिकृतता लागते आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद फॉर्म २९-सी ने होते. डीलरकडे ती नोंद मागा. ती असेल तर तुम्ही कोणाशी व्यवहार करता आहात हे कायद्याच्या भाषेत स्पष्ट असतं.

१८. टोकन किती द्यावं आणि कधी?

कागद पाहिल्यावर, तपासणीच्या आधी, परत मिळण्याच्या लेखी अटीवर. मेसेज पुरतो: "तपासणीत अपघात, पूर, मीटर किंवा कागदात दोष निघाल्यास टोकन परत." हे लिहून द्यायला नकार आला तर टोकन देऊ नका. "आज संध्याकाळी रायपूरची पार्टी येते आहे" हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्यासाठी एकही तपासणी घाईत करत नाही. रक्कम बँकेतूनच द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने विकणाऱ्याला मना आहे.

१९. १५ वर्षांची जुनी इम्पोर्टेड गाडी हौसेने घ्यायची आहे. काही विशेष?

नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं, त्याआधी गाडी फिटनेसला न्यावी लागते, ग्रीन टॅक्स वेगळा. साध्या कारची नूतनीकरणाची फी ५,००० रुपये, आयात केलेल्या गाडीची ४०,०००. वीस वर्षांपुढे आणखी जास्त. मुदत संपलेली आरसी असेल तर नूतनीकरण मालकाकडूनच करून घ्या.

२०. आरसीवर उत्पादन डिसेंबर २०१६ आणि नोंदणी २०१८ ची. घोटाळा आहे का?

बहुतेक वेळा नाही. महागड्या गाड्या शोरूमला पडून राहतात. पोलो जीटीआय २०१६ च्या शेवटी भारतात मोजक्या ९९ आणल्या, तरी त्या लवकर खपल्या नाहीत आणि पुढच्या वर्षी किंमत सुमारे २० लाखांवर उतरवावी लागली. अशी गाडी उशिरा नोंदली गेली तर नवल नाही. डेमो म्हणून फिरवलेली गाडीही नंतर विकली जाते. तिच्या आरसीवर पहिला मालक म्हणून डीलर कंपनीचं नाव असतं.

कंपनीच्या नोंदीत वॉरंटी कुठल्या तारखेला सुरू झाली ते काढा. ती नोंदणीच्या तारखेशी जुळली की गाडी पडून होती. वॉरंटी वर्षभर आधीच सुरू झालेली असेल तर त्या वर्षात गाडी कोण, कुठे चालवत होतं, ते विकणाऱ्याला विचारा. भाव करताना वर्ष उत्पादनाचं धरा, नोंदणीचं नको. आणि टायरवरचे ते चार आकडे इथेही वाचा: दोन वर्षं एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीचे मूळ टायर नक्षी शाबूत असूनही बाजूने तडकलेले असतात.